कार्ड कुठलं घेऊ, असं विचारलंत म्हणून

महिन्यातून दोन-तीनदा तरी हा प्रश्न येतो आणि शब्दही जवळजवळ तेच असतात: कमी पैशात कलर ग्रेडिंगचं, म्हणजे फिल्मचे रंग जुळवायचं, मशीन बांधायचंय, ग्राफिक्स कार्ड कुठलं घेऊ? मी उलट विचारते, मॉनिटर कुठला आहे? त्यावर समोरचा किंचित वैतागतो. "आहे एक घरात. ते नंतर बघू, आधी कार्डाचं सांगा ना." मग मी लांबलचक काहीतरी लिहिते, तो थँक्यू म्हणतो आणि काही दिवसांनी नव्याकोऱ्या कार्डाचा फोटो पाठवतो. फोटोत मागे तोच मॉनिटर असतो.

मी सरळ उत्तर देत नाही, असं माझ्याबद्दल बोललं जातं. स्वतः दणकट कार्ड वापरते आणि दुसऱ्यांना मॉनिटरचं पुराण ऐकवते, असंही. यातलं दुसरं खरं आहे. दणकट कार्ड आहे माझ्याकडे. सगळ्यात आधी मी तेच घेतलं, आणि उरलेल्या चिल्लरीत मॉनिटर.

तेव्हाची मी अगदीच बिनडोक नव्हते, हेही नोंदवून ठेवते. माझा हिशोब असा होता: दाविंची रिझॉल्व्ह हे ग्रेडिंगचं सॉफ्टवेअर आतलं सगळं गणित 32 बिट फ्लोटमध्ये करतं, म्हणजे एकेक आकडा चार बाइटचा. यूएचडी, म्हणजे फोरके, फ्रेम 3840 गुणिले 2160, साधारण 83 लाख पिक्सेल. प्रत्येक पिक्सेलला चार चॅनल धरले आणि चॅनलला चार बाइट, तर एकच फ्रेम 133 एमबीची होते. तीही सेकंदाला 24 वेळा, आणि वर नोडमागून नोड, म्हणजे रंगबदलाच्या एकामागून एक पायऱ्या. टेम्पोरल नॉइज रिडक्शन (शेजारच्या फ्रेमशी ताडून चित्रातले दाणे घालवणं) लावलं की शेजारच्या फ्रेमही कार्डाच्या मेमरीत येऊन बसतात. मेमरी भरली की काम तिथेच थांबतं. म्हणून कार्ड मोठं हवं. गणितात चूक नव्हती. फक्त नॉइज रिडक्शन फुकटच्या आवृत्तीत मिळतच नाही, हे कार्ड बसवून झाल्यावर कळलं. आणि टाइमलाइन 1080 वर ठेवून काम केलं, एक्स्पोर्टच्या वेळी यूएचडी केली, तर तोच बोजा चौथाईवर येतो, हे एकाने आधीच सांगितलं होतं. मी ऐकलं नव्हतं.

आता ती गोष्ट. प्रत्येक वेळी मी ती दोन ओळींत उरकते, आणि म्हणूनच बहुतेक कुणाला पटत नाही.

एका मित्राने शॉर्ट फिल्म केली होती. 22 मिनिटांची, जवळजवळ सगळी एका खोलीत: म्हातारा नवरा, अंथरुणाला खिळलेली बायको, दोघांचं अधूनमधून तुटणारं बोलणं. रंग मी करणार होते, पैसे न घेता, कारण मला नवं मशीन वापरून बघायचं होतं. दिवसा नोकरी, त्यामुळे बरंचसं काम रात्री. सुट्टीच्या दिवशी मात्र सकाळपासून बसायचे. मशीन कुठे अडखळत नव्हतं, एकही फ्रेम गळत नव्हती, आणि मी खूश होते.

एक गोष्ट खटकत होती. रात्री केलेल्या शॉट्समध्ये परेड स्कोपवर, म्हणजे लाल, हिरवा, निळा वेगवेगळे मोजून दाखवणाऱ्या आलेखावर, निळा पट्टा लाल-हिरव्याच्या वर चढलेला दिसायचा. उशीचा अभ्रा पांढरा होता. पांढऱ्याला तिन्ही पट्टे एका उंचीवर यायला हवेत, हे पहिल्या दिवशी शिकवतात. वेक्टरस्कोपवर, म्हणजे रंगछटा गोलात दाखवणाऱ्या आलेखावर, चेहऱ्यांचे ठिपके लाल-पिवळ्याच्या मधल्या त्वचेच्या रंगाच्या तिरक्या रेघेवर टेकत नव्हते, मधोमध गोळा होऊन निळ्याकडे कलत होते. हे मला दिसत होतं. मी स्वतःला सांगितलं की रंग डोळ्याने करायचा असतो, आलेखाने नव्हे. आजारपणाची खोली आहे, थोडा गारवा बरा वाटतो. पडद्यावर चेहरे उबदार, जिवंत दिसत होते. मग आलेखाला काय विचारायचं?

छोट्या हॉलमध्ये खेळ झाला, पन्नासेक माणसं असतील. पहिली तीन मिनिटं ठीक गेली. मग नवरा बोलतो आणि बायकोच्या चेहऱ्यावर कट होतो, तिथे ती निळी. पुन्हा कट, तो गव्हाळ. पुन्हा कट, ती निळी, ओठ जवळजवळ जांभळे. तिच्या बाजूचे सगळे शॉट मी रात्री केले होते, त्याच्या बाजूचे रविवारी सकाळी. सीन चार मिनिटांचा आणि कट सव्वीस. मोजलेत मी ते. संवादात ती म्हणते, "आज जरा बरं वाटतंय," आणि पडद्यावर प्रेत बोलतंय. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

बाहेर एक बाई येऊन म्हणाल्या, "तिचा निळा रंग म्हणजे ती आधीच गेलेली आहे, असंच ना?" मी मान डोलावली. हो, डोलावली. मित्र लांब उभा राहून बघत होता. दुसऱ्या दिवशी त्याने विचारलं तेव्हा मी म्हटलं, तिथला प्रोजेक्टर खराब आहे. त्याने ऐकून घेतलं.

खरं कारण तीन आठवड्यांनी सापडलं. संध्याकाळी काहीतरी टाइप करत होते, पडद्यावर कोरं पांढरं पान. खिडकीत अंधार पडला आणि माझ्या डोळ्यांदेखत ते पान हळूहळू साय धरल्यासारखं पिवळसर झालं. रात्री डोळ्यांना त्रास नको म्हणून निळा कमी करणारी सोय, सूर्यास्ताला आपोआप सुरू होणारी. मीच कधीतरी चालू केली होती आणि विसरले होते. रंग इतका सावकाश उतरतो की डोळा सरावतो आणि त्या पिवळ्यालाच पांढरं म्हणू लागतो. पूर्ण मात्र सरावत नाही. जे कमी भासतं ते हात भरून काढतो, आणि मी रात्री-रात्री निळा ओतत बसले होते. फाइलमध्ये तो सगळा उतरला. स्कोप सिग्नल मोजतो, पडदा नाही, म्हणून खरं तेवढं तोच सांगत होता.

"ती सोय बंद केली की झालं, त्यासाठी मॉनिटर कशाला?" हा पुढचा प्रश्न नेहमी येतो. बरोबर आहे, त्या एका चुकीला एक बटण पुरलं असतं. पण बटण बंद करून मी मॉनिटर मोजायला घेतला, उसन्या प्रोबने (पडद्याला लावून रंग मोजायचं यंत्र), डिस्प्लेकॅल नावाच्या फुकट सॉफ्टवेअरवर, तेव्हा दिवसाचे शॉटही फार खरे नव्हते असं निघालं. पांढरा 6500 केल्विनला हवा, तो बराच निळा. आपोआप कॉन्ट्रास्ट बदलणारी सेटिंग चालू, त्यामुळे अंधाऱ्या शॉटला पडदा स्वतःच्या मनाने मंद होत होता. म्हणजे दिवसा एक खोटं, रात्री दुसरं.

म्हणून मी जे सांगते ते असं. आयपीएस पॅनेल (तिरकं पाहिलं तरी रंग फारसे न बदलणारा पडदा), एसआरजीबी ही नेहमीची रंगकक्षा पूर्ण दाखवणारं, बस. एचडी व्हिडिओचं मानक असलेल्या रेक 709 चे मूळ रंग तेच आहेत. वाइड गॅमटची, म्हणजे त्याहून जास्त रंग दाखवण्याची, जाहिरात बघून भुलू नका. त्याला एसआरजीबीपुरतं नीट आवरलं नाही तर तसा पडदा सगळंच भडक दाखवतो आणि तुम्ही फाइल फिकी करून बसता. प्रोब विकत नाही तर उसना घ्या. 100 निट उजेड, गॅमा (मधल्या छटांची वळण-रेषा) 2.4, अंधारी खोली. मॉनिटरमागे 6500 केल्विनचा मंद दिवा, भिंत जमलं तर करडी. नुसती आयसीसी प्रोफाइल (पडद्याच्या रंगांची नोंद असलेली फाइल) करून थांबू नका. विंडोजवर रिझॉल्व्हचा व्ह्यूअर ती वाचत नाही, थ्रीडी लट (रंग दुरुस्त करणारा तक्ता) बनवून आत लावावी लागते. आणि कार्डातून चार पैसे वाचवता आले तर डेकलिंक मिनी मॉनिटरसारखं छोटं आउटपुट कार्ड घ्या. त्यातून चित्र ऑपरेटिंग सिस्टिमला वळसा घालून थेट मॉनिटरवर जातं, रात्रीची कुठलीच सोय त्याला हात लावू शकत नाही. (तिथेही मी दोन दिवस घालवले. कार्ड काळ्या ते पांढऱ्यासाठी 16 ते 235 आकडे पाठवत होतं, मॉनिटर 0 ते 255 समजत होता, आणि काळा राखेसारखा दिसत होता. यावेळी आधी स्कोप बघितला.)

इतकं सांगून झाल्यावर मलाच शंका येते. अडखळत चालणाऱ्या मशीनवर ग्रेड करणंही आंधळंच असतं. शॉट पळताना रंग कसा वाटतो ते थांबलेल्या फ्रेमवर कळत नाही. प्रॉक्सी (कामापुरत्या हलक्या प्रती) करा म्हणणं सोपं आहे. ग्रेडला चालेल अशी प्रोआरेस 422 एचक्यू फाइल यूएचडीत 24 फ्रेमला सेकंदाला 88 एमबीच्या आसपास खाते, डिस्क बघता बघता भरते. मग कार्ड आधी की मॉनिटर? मी मॉनिटर म्हणते. मी म्हणणारच. त्या सव्वीस कटांमध्ये मी बसले होते, तुम्ही नव्हता.

मित्राला मी वर्षभराने खरं सांगितलं. तो म्हणाला, "मला वाटलं, तुला तसंच हवं होतं. म्हणून बोललो नाही." ती फिल्म मी पुन्हा ग्रेड करून दिली. त्याने नवी फाइल ठेवून घेतली, पण लोकांना तो अजून जुनीच दाखवतो. का, ते मी विचारलेलं नाही.

गेल्या आठवड्यात त्याचाच मेसेज आला. आता स्वतःच ग्रेड करायला शिकतोय, मशीन बांधायचंय, हात आखडता आहे, कार्ड कुठलं घेऊ? मी उत्तर लिहायला बसले, चार परिच्छेद झाले, पुसले. त्याला कार्डाचं नाव कळवलं आणि माझा प्रोब पाकिटात घालून ठेवलाय, तो कधी येईल तेव्हा द्यायला.