डी बोंट घराण्याची वंशावळ: ‘नेफ’ म्हणजे पुतण्या की भाचा?

मागच्या नोंदीनंतर माझ्या झाडावरची अकरा माणसं कमी झाली. वंशावळ करणाऱ्याला हे सांगताना जीभ जड होते, पण या दोन महिन्यांतलं खरं काम तेच झालं.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. मी ज्यांच्या मागे लागलोय ते घराणं हॉलंडमधल्या लायडन गावचं, डी बोंट. विद्यापीठात गेले की लॅटिनमध्ये बोंटियस. बाप गेरार्ट. १५७५ मध्ये लायडन विद्यापीठ निघालं तेव्हाच्या पहिल्या फळीतला वैद्यकाचा प्राध्यापक, १५९९ मध्ये वारला. त्याच्या गोळ्या पुढे कितीतरी वर्षं ‘बोंटियसच्या गोळ्या’ म्हणून चालल्या आणि त्यांचा नुस्खा घरातच गुप्त ठेवला होता म्हणतात. मुलगा रायनीर (१५७६–१६२३), तोही वैद्य आणि तोही प्राध्यापक. विलेम (१५८८–१६४६) कायद्याकडे वळला. त्याच्या पाठचा याकोब (१५९२–१६३१) डच ईस्ट इंडिया कंपनीचा वैद्य म्हणून बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला गेला आणि तिथेच गेला. बेरीबेरीचं वर्णन करणारे जे पहिले युरोपीय वैद्य, त्यांत याचं नाव येतं.

पुण्यात बसून हे कुठून सुचलं, असं बरेच जण विचारतात. मी गोव्यावरून लायडनला पोचलो. गोव्यात राहिलेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता, त्याचं औषधी वनस्पतींवरचं संवादरूप पुस्तक १५६३ मध्ये गोव्यात छापलं गेलं. मुंबई बेटाचा पट्टा काही काळ या ऑर्ताकडे होता आणि तिथल्या आपल्या आंब्याच्या झाडाचं कौतुक त्याने पुस्तकात केलंय, म्हणून मी ते वाचत होतो. वनस्पतींचा अभ्यासक क्लुसियस याने १५६७ मध्ये त्याचा लॅटिन गोषवारा काढला. हाच क्लुसियस १५९३ मध्ये लायडनच्या वनस्पती उद्यानावर आला, गेरार्ट बोंट तिथे शिकवत असताना. आणि पुढे गेरार्टच्या मुलाने, याकोबने, बटाव्हियात बसून ऑर्ताच्या चुका काढणारी टिपणं लिहिली. साठ-पासष्ट वर्षांपूर्वी गोव्यात छापलेल्या पुस्तकाशी हा माणूस जावामध्ये भांडतोय हे पाहिलं आणि वाटलं, याचं घर कुठलं, माणसं कोण, ते काढलंच पाहिजे.

तर ती अकरा माणसं. कुणीतरी जालावर टाकलेल्या एका भल्यामोठ्या झाडातून मी ती गेल्या वर्षी उचलली होती. नाव बोंट, काळ जुळणारा, एक जण तर शस्त्रवैद्य. मोह आवरला नाही. आता मूळ वह्यांकडे गेलो तेव्हा लक्षात आलं की डचमध्ये ‘बोंट’ म्हणजे लोकरीसकट कमावलेलं कातडं, आणि रंगीबेरंगी, कबरं असाही अर्थ होतो. ‘बोंटवेर्कर’ म्हणजे असल्या कातड्याचे कपडे करणारा कारागीर. त्यामुळे ‘डी बोंट’ हे नाव दहा गावांत दहा कुळांना स्वतंत्रपणे चिकटलेलं असू शकतं. आपल्याकडचे सगळे सोनार एकाच मूळपुरुषाचे मानण्यासारखं झालं हे. भर म्हणजे लायडन शहराच्या प्रभागांना तेव्हा ‘बोन’ म्हणत. शोधखिडकीत ‘बोन’ने सुरू होणारं काहीही टाका, अर्धं शहर अंगावर येतं. अकराही माणसं खोडली. ग्रॅम्प्समध्ये, म्हणजे मी वापरतो त्या वंशावळीच्या सॉफ्टवेअरमध्ये, ‘काढून टाका’ दाबताना त्या शस्त्रवैद्यासाठी जरा वाईट वाटलं.

विद्यापीठाच्या पटावरच्या नावांनीही मला एकदा चकवलं. १५७५ पासूनचा हा पट १८७५ मध्ये छापील रूपात आला आणि वैद्य घराण्यांच्या मागे लागणाऱ्यांचा तो पहिला आसरा. नाव, गाव, वय, विषय. वैद्यकासाठी नुसतं ‘एम’. फक्त वयाच्या आकड्यावरून जन्मसाल काढायला जाऊ नका, तो ढोबळ असतो. आणि पटावर नाव आहे म्हणजे तो त्या वर्षी शिकायला लागला असंही नाही. विद्यापीठाच्या माणसांना बिअर आणि वाइनवरच्या जकातीत सूट होती, त्यामुळे शिक्षणाशी फारसं देणंघेणं नसलेली नावंही पटावर चढत. प्राध्यापकांची पोरं तर मान म्हणून अगदी लहानपणी घालून ठेवत. आठ वर्षांचा वैद्य दिसला तर दचकू नये.

या वेळी सगळ्यात जास्त वेळ गेला तो लग्न ठरल्याच्या नोंदींत. डचमध्ये याला ‘ओंडरट्राउ’ म्हणतात. प्रत्यक्ष लग्नाच्या आधी जोडप्याने अधिकाऱ्यांसमोर किंवा चर्चमध्ये जाऊन इरादा नोंदवायचा, मग तो जाहीर व्हायचा, कुणाची हरकत असेल तर यावी म्हणून. याकोब जन्मला त्या काळातल्या बाप्तिस्म्याच्या वह्या आज लायडनला नाहीत, म्हणून या लग्नाच्या वह्यांवरच सगळी भिस्त. त्यांत एक गोष्ट फार गोड आहे. वराबरोबर कोण आलं आणि वधूबरोबर कोण आलं, हे नावानिशी लिहिलेलं असतं. वराकडून बाप, भाऊ, ओळखीचा. वधूकडून बहुतेक बायका: आई, बहीण, ‘मुई’ म्हणजे मावशी किंवा आत्या. इतर कागदांत या बायका कुणाची तरी बायको, कुणाची तरी विधवा एवढ्याच उरतात. इथे मात्र त्या स्वतःच्या पायांनी चालत येऊन स्वतःच्या बापाच्या नावासह उभ्या राहतात. यान्सडोख्टर, पीटर्सडोख्टर. म्हणजे यानची मुलगी, पीटरची मुलगी. आपल्याकडे मधलं नाव बापाचं असतं, तसंच. लग्नानंतर मधलं नाव नवऱ्याचं करायची आपली रीत मात्र तिथे नाही, त्यामुळे लग्नानंतरही तिचं माहेर सापडतं. आमच्या घरच्या कुलवृत्तांतात मुली कंसात आहेत, ‘अमुक यांस दिली’ एवढ्यावर संपणाऱ्या. तिथपेक्षा इथे शोध सोपा जातो, हे काही मला आधी वाटलं नव्हतं.

अक्षराबद्दल. मी मोडी शिकलेला आहे, त्यामुळे लपेटीदार अक्षराची भीती नाही असा माझा समज होता. पहिल्या दोन पानांत तो उतरला. मोडीत लेखक हात न उचलता लिहितो, पण अक्षराला वळण असतं. इथे ‘एन’, ‘यू’, ‘एम’ आणि ‘आय’ सगळे नुसत्या उभ्या दांड्या. सलग सात दांड्या आल्या की त्यांत किती अक्षरं आहेत हे शब्द आधी कळला तरच कळतं. ट्रान्सक्रिबस या हस्तलिखितं वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला वाचायला दिलं, त्याने नावांचं भलतंच काहीतरी केलं. म्हणून आता बोंटांशी काही संबंध नसलेल्या शेजारच्या नोंदींवर हात बसवतोय. परवा एक विणकर वर आला होता. त्याच्यासोबत बाप आणि एक शब्द, चार अक्षरं, शेवटी लांब शेपटाचा ‘एफ’. पाऊण तास गेला. शब्द होता ‘नेफ’ (neef).

आणि इथेच गाडी अडली. ‘नेफ’ म्हणजे पुतण्या. किंवा भाचा. किंवा चुलतभाऊ, मामेभाऊ, मावसभाऊ, आतेभाऊ. डच माणसाला हे सगळे एकच. आपल्याला ते चालत नाही, आपण विचारणारच, कुणाकडून? आणि गंमत म्हणजे तो प्रश्न वंशावळीला नेमका लागतो. पुतण्या असेल तर आडनाव तेच असायला हवं, भाचा असेल तर बहिणीच्या सासरचं. मी तक्त्यात एक मराठी रकाना घातला. ‘नेफ’ आलं की त्यात सहाही नाती लिहायची आणि पुरावा मिळेल तसं एकेक काटायचं. ‘स्वागर’चंही असंच. आज त्याचा अर्थ मेहुणा, दीर, साडू. त्या काळात जावयालाही स्वागर म्हणत. एका जुन्या छापील टिपणात मी स्वागर वाचून मेहुणा लावला होता, आणि वयाचा हिशेब केल्यावर त्या मेहुण्यात आणि माझ्या माणसात तीस वर्षांचं अंतर निघालं. जावईच असणार. रकाना घातल्यापासून अशा तीन गाठी सुटल्या. ज्यांना डच येत नाही म्हणून या छंदाला हात घालायला भीती वाटते त्यांना सांगतो, नात्यांच्या बाबतीत तरी आपली भाषा आपल्याला पुढेच ठेवते.

मूळपुरुषाचा प्रश्न मात्र तसाच. गेरार्ट राइसवाइकचा, एवढं सगळे सांगतात. पण नेदरलंड्समध्ये राइसवाइक एक नाही. एक हेगला खेटून, हॉलंडमध्ये. एक गेल्डरलंडमध्ये. तिसरं ब्राबांटमध्ये. जुन्या चरित्रकोशांत गेल्डरलंडचं छापलंय, आणि एका कोशाने छापलं की पुढचे दहा तेच उतरवतात, हे आपल्याकडच्या कोशांवरूनही माहीत आहेच. नुसत्या नकाशाचा हा प्रश्न नाही, दप्तरं पूर्ण वेगळी. शिवाय दिनदर्शिका वेगळी. हॉलंडने ग्रेगोरियन कालगणना १५८२–८३ च्या संधीला घेतली, गेल्डरलंडने १७०० मध्ये. मधल्या साधारण एकशे सतरा वर्षांत नदीच्या या काठावर आणि त्या काठावर दहा दिवसांचा फरक. दोन प्रांतांत सोयरीक असलेल्या घराण्यात मूल बापाच्या मृत्यूनंतर दहा महिन्यांनी जन्मलेलं दिसलं, तर आधी दिनदर्शिका पाहावी, चारित्र्यावर नंतर जावं.

विलेमबद्दल थोडं विषयांतर. तो कायद्याचा प्राध्यापक आणि शिवाय लायडनचा ‘स्खाउट’, म्हणजे कोतवालच म्हणा. धर्माच्या भांडणात कट्टर बाजूचा, विरोधी पंथाच्या लोकांवर तुटून पडणारा. १६३४ मध्ये त्याचा कुत्रा मेला तेव्हा त्याने थाटात अंत्ययात्रा काढली, आणि कवी व्होंडेलने त्यावर खवचट कविता करून त्याला कायमचं हास्यास्पद करून ठेवलं. कुत्र्याचं नाव टायटर. माझ्या झाडावर काही बायकांची नावं अजून रिकामी आहेत, पण कुत्र्याचं नाव पक्कं आहे. ग्रॅम्प्समध्ये त्याला विलेमच्या नोंदीखाली टिपणात घातलाय.

पण याच विलेमने धाकट्या भावाचं लिखाण सांभाळलं. याकोब मेल्यावर अकरा वर्षांनी, १६४२ मध्ये, त्याचं पुस्तक लायडनला छापून निघालं ते विलेममुळे.

याकोब १६२७ मध्ये बायको आगेनिता व्हान बेर्गन आणि मुलांना घेऊन जहाजावर चढला. गव्हर्नर जनरल यान पीटर्सझोन कून त्याच सफरीला होता. आगेनिता वाटेतच गेली. सप्टेंबरात बटाव्हिया. तिथे दुसरं लग्न. १६२८ आणि १६२९ मध्ये जावातल्याच माताराम राज्याच्या सुलतान आगुंगच्या फौजांचा शहराला वेढा. दुसऱ्या वेढ्यात कून आजारी पडून मेला, याकोब त्याच्यावर उपचार करत होता. १६३० मध्ये दुसरी बायको पटकीने गेली. तिसरं लग्न. ३० नोव्हेंबर १६३१ ला तो स्वतः. चार वर्षं आणि काही महिने, एवढ्यात हे सगळं. झाडावर ते एका चौकटीत मावतं, तारखा एकाखाली एक. त्या चौकटीकडे मी फार वेळ पाहू शकत नाही.

इथे मदतीला कंपनीच्या खलाशी-कर्मचाऱ्यांची प्रसिद्ध यादी येईल असं वाटलं होतं. ती बहुतांशी अठराव्या शतकाची. १६२७ च्या माणसाला तिचा उपयोग शून्य, नव्या लोकांनी तिथे वेळ घालवू नये. त्यापेक्षा बटाव्हियाच्या अनाथ-मंडळाकडे, ‘वेसकामर’कडे, लक्ष द्यावं. ते १६२४ मध्ये स्थापन झालं. बाप मेला, सावत्र आई उरली, पोरं सज्ञान नाहीत, अशा घरांची मालमत्ता सांभाळणं हेच त्याचं काम.

याकोबच्या पुस्तकातली एक गोष्ट वंशावळीत बसत नाही, पण राहवत नाही. जावाच्या बायकांना झाडपाल्याचं किती कळतं, हे तो मोकळेपणाने लिहितो, आणि स्वतःच्या देशातल्या अर्धवट शस्त्रवैद्यांपेक्षा त्यांच्यावर जास्त भरवसा ठेवतो. प्राध्यापकाच्या पोराने हे कबूल करणं लहान गोष्ट नाही. त्या बायकांपैकी एकीचंही नाव त्याने दिलेलं नाही.

आणि मग ऑर्ताचं घर आठवतं. त्याच्या आई-बहिणींबद्दल पोर्तुगीज दप्तरांत इतकं सापडतं की बोंटांच्या बायकांच्या बाबतीत मला हेवा वाटावा. हेवा वाटला आणि पुढच्याच क्षणी स्वतःची लाज वाटली. ते सापडतं कारण धर्मन्यायालयाने त्यांची चौकशी केली. स्पेनमधून हाकललेल्या ज्यूंचं ते कुळ, वरून ख्रिस्ती झालेलं. ऑर्ता १५६८ मध्ये गोव्यात वारला. बहीण कातारिनाला पुढच्याच वर्षी गोव्यात जिवंत जाळलं. १५८० मध्ये ऑर्ताची हाडं उकरून तीही जाळली. आई कोण, मावशी कोण, कुणाच्या घरी शनिवारी, ज्यूंच्या पवित्र वारी, काय शिजत होतं, हे सगळं कुणीतरी विचारून, दरडावून लिहून घेतलं. पणजीत आज ऑर्ताच्या नावाची बाग आहे. मागच्या डिसेंबरात तिथल्या बाकावर बसून मी बोंटांच्या लग्नाच्या नोंदी मोबाइलवर वाचत होतो.

पुढच्या दोन महिन्यांत: १५८१ ची लायडनची शिरगणती प्रभागवार चाळायची. तिथे घर सापडलं की शेजारी सापडतात आणि शेजारी बहुधा लग्नात साक्षीला येतात. तिन्ही राइसवाइकांपैकी हेगजवळचं आधी, कारण दप्तर तिथे लवकर उघडतं. आणि ‘नेफ’चा एक रकाना अजून सहापैकी चार पर्यायांवर अडकलाय, मामेभाऊ आणि चुलतभाऊ काटून झाले. लायडनमध्ये सोळाशेच्या आसपास कुणी घराणी धुंडाळत असेल आणि वधूसोबत आलेल्या बायकांत बोंटांची एखादी मुई दिसली, तर मला जरूर कळवा.