माझा अनुभव : टाळेबंदीत हृदय सांभाळून चालताना

माझी अँजिओप्लास्टी जानेवारी २०२० मध्ये झाली. हृदयाच्या पुढच्या बाजूच्या मुख्य रक्तवाहिनीत एक स्टेंट, म्हणजे वाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळीदार नळी, बसला. पंपिंग, म्हणजे दर ठोक्याला हृदय आतलं किती रक्त बाहेर टाकतं ते प्रमाण, ४५ टक्के होतं. घरी सोडताना डॉक्टरांनी कागदावर गोळ्यांच्या खालीच लिहिलं होतं : रोज चालणे. फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली ट्रेडमिलवर चालणं जमायला लागलं आणि मार्चमध्ये तो वर्गच बंद झाला. पाठोपाठ २२ तारखेचा जनता कर्फ्यू, राज्यात संचारबंदी, २५ पासून देशभर टाळेबंदी.

आम्ही कोथरूडला राहतो. वेताळ टेकडी जवळ, पण जायचा प्रश्नच नव्हता. सकाळी फिरायला निघालेल्यांना पोलीस परत पाठवत होते. त्यात हृदयविकार, मधुमेह असलेल्यांना कोरोनाचा धोका जास्त, म्हणून आम्ही घरातच राहावं अशी सूचना. लेक इंग्लंडमध्ये आहे, तिकडे दिवसातून एकदा व्यायामाला बाहेर पडायची मुभा होती. तिचा फोन आला की मला तिच्या त्या फेरीचा फार हेवा वाटायचा.

दिवाणखान्यात येरझारा घालून पाहिल्या. चार पावलांवर वळायचं, सोफा चुकवायचा. चाल लागायचीच नाही. शिवाय मला आकाश हवं होतं. आजारपणानंतर बंद खोलीत छातीतला प्रत्येक ठोका ऐकू येतो आणि नुसत्या भीतीनंच धाप लागते.

गच्चीला सोसायटीनं कुलूप घातलं होतं, गर्दी नको म्हणून. मी डॉक्टरांचा कागद घेऊन सेक्रेटरींकडे गेले, दारातूनच बोलले. "वहिनी, तुम्ही सहाच्या आत जाऊन या. किल्ली आमच्या खिळ्यावर असेल," एवढंच म्हणाले ते. त्या किल्लीचे उपकार मी विसरणार नाही.

डॉक्टर व्हिडिओ कॉलवर भेटायचे. त्यांनी एक गोष्ट पक्की समजावली. माझ्या गोळ्यांत ठोके आवरून धरणारी एक गोळी आहे, त्यामुळे नाडी मोजून श्रमाचा अंदाज येणार नाही. खूण श्वासाची धरायची. चालताना बोलता आलं पाहिजे. वाक्य मध्येच तुटलं तर वेग कमी करायचा. गच्चीवर बोलायला कोण? मी पाढे म्हणायला लागले. तेरा एके तेरा, तेर दुणे सव्वीस. तेराचा पाढा एका चालीत निघाला की वेग बरोबर. तेर सक्काला थांबावं लागलं की पाय आवरते घ्यायचे. सुरुवातीची पाच-सात मिनिटं अगदी रमतगमत आणि शेवटीही तसंच, एकदम थांबायचं नाही, कारण रक्तदाब झपकन उतरून चक्कर येऊ शकते. सारखं गर्रकन वळणंही सोसेना, म्हणून पाण्याच्या दोन टाक्यांभोवती इंग्रजी आठच्या आकड्यासारखी वाट आखली.

एप्रिलमध्ये गच्ची उघडली तशी वाळवणंही आली. जुन्या साड्यांवर कुरडयांची पांढरी जाळी. "ताई, आज इकडून वळा हं, चीक ओला आहे अजून," तळमजल्यावरच्या काकू कठड्यापाशी उभ्या राहून सांगायच्या. मे महिन्यात सातलाच ऊन चटका द्यायचं, तेव्हा त्याआधीच उरकायचं.

त्याच महिन्यात एका सकाळी चालताना जबडा आवळल्यासारखा झाला आणि डाव्या खांद्यात कळ आली. टाकीच्या पायरीवर बसले आणि जिभेखालची गोळी ठेवली. ती बसूनच घ्यायची, उभ्यानं घेतली तर भोवळ येते. पाच मिनिटांत आराम पडला नाही तर १०८ लावायचा, हे ह्यांना पाठ होतं. आराम पडला, तरी आम्ही रुग्णालयात गेलो. तिथे जायची त्या दिवसांत प्रचंड भीती होती आणि त्या भीतीपायी कितीतरी हृदयरुग्ण उशिरा पोहोचत होते. माझं म्हणणं ठाम आहे : अशा वेळी वाट पाहू नये. नाक्यावर फाइल दाखवली, अडथळा बाजूला झाला. ईसीजीत नवीन काही नव्हतं, एका गोळीचा डोस वाढवला आणि काही दिवस वेग कमी ठेवायला सांगितला.

३ जूनपासून राज्यात पहाटे ५ ते संध्याकाळी ७ या वेळात घराजवळ चालायला, सायकल चालवायला परवानगी मिळाली. रस्त्यावर पहिल्यांदा सरळ, न वळता चालले तेव्हा डोळे भरून आले. मास्कमुळे पाढा लवकर अडखळायचा, म्हणून आपोआप हळू. चढ मात्र टाळला.

जुलैत पुण्यात पुन्हा दहा दिवस कडक बंद. तोवर पावसानं गच्चीवर शेवाळ धरलं होतं. रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या चालू असताना घसरून पडणं परवडणारं नाही, तेव्हा ते दिवस पार्किंगमध्ये गाड्यांच्या मधून काढले.

दिवाळीआधी टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केला. पंपिंग ५२ टक्के. डॉक्टरांनी टेकडीला होकार दिला, पण कमी चढाच्या बाजूनं, कुणाला तरी बरोबर घेऊन, गोळी कनवटीला आणि वर पोचल्यावर लगेच बसायचं नाही, या अटीवर. त्याच रविवारी आम्ही दोघं गेलो. चढावर तेराचा जमला नाही, सातचा जमला.