आमच्या विहिरीचा रिपोर्ट

गेल्या वर्षी मे महिन्यात पुण्याच्या एका दुकानदाराने आमचं कोकम सरबत घ्यायचं कबूल केलं आणि जाता जाता म्हणाला, "ताई, पाण्याचा रिपोर्ट तेवढा पाठवा." एकतीस वर्षं मी या विहिरीचं पाणी पिते आहे. ते तपासून बघावं असं एकदाही मनात आलं नव्हतं.

आमचं घर रत्नागिरी जिल्ह्यात, समुद्रापासून आत, उताराच्या वाडीत. विहीर आजेसासऱ्यांनी खोदलेली. जांभ्यात खणलेली, चिऱ्यांनी बांधलेली, तीन मीटर व्यासाची. मे अखेरीला दोन मीटर पाणी राहतं आणि श्रावणात इतकं चढतं की कठड्यावरून वाकून कळशी बुडवावी. पाणी असं नितळ की उन्हाळ्यात तळाचे झरे फुटताना दिसतात. लेक सव्वा महिन्याची झाली तेव्हा याच विहिरीची ओटी भरून मी पहिली घागर घरात आणली होती. सासूबाई आता ब्याऐंशीच्या आहेत. पाहुणा दारात आला की त्या गूळ-पाणी देतात आणि तो पहिला घोट घेईपर्यंत त्याच्या तोंडाकडे बघत राहतात. पाणी गोड आहे असं त्याने म्हणायलाच हवं असतं.

कोकमाची गडबड आवरेपर्यंत मिरग लागला, म्हणून नमुना द्यायला जून संपत आला. रत्नागिरीत भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची प्रयोगशाळा आहे. अशा प्रयोगशाळा प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी आहेत आणि तिथे घरच्या विहिरीचं पाणीही तपासून मिळतं. मी आधी जाऊन बाटल्या घेऊन आले. रासायनिक तपासणीसाठी प्लास्टिकचा कॅन आणि जंतूंसाठी कागद गुंडाळून दोऱ्याने बांधलेली, निर्जंतुक केलेली काचेची बाटली.

या दोन बाटल्यांचे नियम एकमेकांच्या उलट आहेत. कॅन त्याच पाण्याने दोन-तीनदा खळखळून धुवायचा आणि मग काठोकाठ भरायचा. काचेची बाटली मात्र अजिबात धुवायची नाही. पाण्यापाशी पोचेपर्यंत बूच काढायचं नाही, तोंडाला आतून बोट लागू द्यायचं नाही आणि भरताना वर थोडी हवा ठेवायची. मी नवी सुतळी उकळून घेतली, बाटलीला धुतलेला दगड बांधला आणि कुठे चिऱ्याला घासू न देता सावकाश खाली सोडली. बाटली तिरकी होऊन पाण्यात गेली, चार बुडबुडे आले. थर्माकोलच्या आंब्याच्या खोक्यात बर्फ भरून, त्यात ती ठेवून पहाटेची एसटी पकडली. जंतूंचा नमुना गार ठेवून त्याच दिवशी पोचवला तर बरं. घरात दोन दिवस पडून राहिला तर त्याच्या निकालाला अर्थ राहत नाही.

तिथल्या बाईंनी विचारलं, "पाऊस पडून गेल्यावर काढलंत ना? बरं केलंत. मे महिन्यात आणलं असतंत तर कदाचित काही सापडलंही नसतं." त्यांचं म्हणणं मला तेव्हा कळलं नाही.

आठवड्याने रिपोर्ट आला. विरघळलेले क्षार, म्हणजे टीडीएस, लिटरला ९० मिलिग्रॅम. भारतीय मानक ५०० पर्यंत चांगलं म्हणतं. पाणी मऊ, क्लोराइड नगण्य, नायट्रेट ११ आणि मर्यादा ४५. पीएच ६.३, म्हणजे साडेसहाच्या खालच्या हद्दीपेक्षा किंचित कमी. जांभ्याच्या पाण्यात हा आंबटपणा नवा नाही. मी वाचत खाली खाली येत होते आणि मनातून फुलत होते. शेवटची ओळ होती विष्ठाजन्य कोलिफॉर्मची, म्हणजे विष्ठेतून येणाऱ्या जंतूंची. १०० मिलिलिटर पाण्यात एकही असता कामा नये. आमच्या पाण्यात होते. शेरा: पिण्यास अयोग्य.

मला रडू आलं. विहीर आजारी पडली आणि घरातल्या कुणाला पत्ताच लागला नाही, असं वाटलं. सासूबाईंना सांगितलं तर त्यांनी कागद हातातही घेतला नाही. "माझी पाच मुलं या पाण्यावर वाढली," एवढंच म्हणाल्या आणि पाठ फिरवून तांदूळ निवडायला लागल्या. मी वाद घातला नाही. पण त्या दिवसापासून पिण्याचं पाणी उकळायला लागले. खळखळून उकळी फुटली की पुढे एक मिनिट, मग झाकण ठेवून गार.

मग कारण शोधायला बसले. दोन गोष्टी डोळ्यांसमोरच होत्या. विहिरीभोवतीच्या कोब्याला तडे गेले होते आणि धुण्याचा दगड कठड्याला लागून होता. साबणाचं, लंगोटांचं, सगळं पाणी त्या तड्यांतून परत आत मुरत होतं. पोहरा आणि काथ्याची दोरी आम्ही जमिनीवर टाकायचो, जिथून कोंबड्या, कुत्री, चिखलाचे पाय सगळं जातं. तीच दोरी पुन्हा पाण्यात. इतकी वर्षं हे रोज बघत होते, पण नजरेला खटकलं नव्हतं.

तिसरी गोष्ट दिसली ती सलग तीन दिवस पाऊस लागून राहिला तेव्हा. दुपारी जरा उघडीप मिळाली म्हणून कठड्यावरून आत वाकून बघत होते. वरून साधारण पाच फुटांवर, चढाच्या अंगाला, दोन चिऱ्यांच्या सांध्यातून पाणी पाझरत होतं. इतर सांध्यांतूनही थेंब गळत होते, पण तिथलं शेवाळ वेगळं होतं. बाकी भिंतीवर मखमलीसारखं हिरवं आणि तिथे काळपट, बुळबुळीत, ओघळासारखं खाली उतरलेलं. मी मान वर केली. सरळ रेषेत चढावर चुलत दिरांचा संडास. टेप लावली, खड्डा विहिरीपासून नऊ मीटरवर. निदान पंधरा मीटर तरी हवं. शिवाय जांभा म्हणजे सच्छिद्र दगड, स्पंजासारखा. पावसात भूजल वर चढतं, खोल खड्ड्याच्या तळाला टेकतं आणि उताराने जिकडे वाट मिळेल तिकडे निघतं. मे महिन्यात खड्डा कोरडा आणि पाणी खोल, म्हणून तेव्हा कदाचित काही सापडलं नसतं. प्रयोगशाळेतल्या बाई काय म्हणत होत्या ते मला त्या कठड्यावर उभं राहून कळलं.

आता हे सांगायचं कसं? चुलत दीर तोंडाने तिखट, आणि बांधावरून आधीच एकदा बोलाचाली झालेली. त्यांनी संडास बांधला तेव्हा गावात सगळ्यांचेच तसे बांधले गेले. एक खोल खड्डा, वर फरशी. विहिरीपासून किती लांब, हे कुणी मोजलं नाही. आम्हीही विचारलं नाही. दोष एकट्या त्यांचा नव्हता.

वाट निघाली ती त्यांच्या बायकोमुळे, म्हणजे माझ्या धाकट्या जावेमुळे. जलजीवन मिशनमध्ये दर गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायचं प्रशिक्षण देतात, त्यांतली ती एक. तिच्याकडे तपासणीचं किट होतं आणि त्यात त्या छोट्या बाटल्या, ज्यांना सगळे एचटूएस म्हणतात. खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण लावायचं आणि एक-दोन दिवस घरातच ठेवायची. पाण्यात विष्ठेतले जंतू असतील तर आतलं पाणी काळं पडतं. मी तिला रिपोर्टबद्दल काहीच बोलले नाही. "आमच्याही विहिरीची एक बाटली लाव ना," एवढंच म्हटलं. तिने संध्याकाळी बाटली भरली आणि देवाच्या फळीखालच्या कोनाड्यात ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पदराखाली बाटली धरून आली. आत शाईसारखं काळं. पडवीत उभी राहून म्हणाली, "वहिनी, आमच्याच खड्ड्याचं ना हे?"

मी म्हटलं, "आमच्या कोब्याचंही आहे." दोघी बराच वेळ तिथेच बसलो. तिची दोन्ही मुलं दिवसभर आमच्याकडे असतात आणि हेच पाणी पितात. तिने घरी नवऱ्यासमोर ती बाटली नुसती ठेवली. पुढे काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. गणपती झाले की खड्डा हलवू, असा निरोप आला.

तोवर टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. सासऱ्यांच्या काळी विहिरीत लाल औषध टाकायचे, पाणी जांभळट व्हायचं आणि सगळ्यांना हायसं वाटायचं. पण त्यावर, म्हणजे पोटॅशियम परमँगनेटवर, पिण्याच्या पाण्यासाठी विसंबता येत नाही. क्लोरीनच हवं. हिशेब सोपा आहे: व्यास गुणिले व्यास गुणिले ०.७८५ गुणिले पाण्याची उंची, सगळं मीटरमध्ये, आणि उत्तराची हजारपट म्हणजे लिटर. ऑगस्टमध्ये आमच्याकडे सहा मीटर पाणी, म्हणजे सुमारे ४२,४०० लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम ताजी पावडर धरली तर १०६ ग्रॅम. तीच विहीर मे महिन्यात १४,१०० लिटरची, म्हणजे ३५ ग्रॅम पुरते. म्हणून अंदाजाने मूठभर टाकू नका. दोरीला गाठी मारून आधी पाणी मोजा. ताज्या पावडरीत ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतं, पण पुडी उघडी राहिली की कोकणातल्या दमट हवेत ते भराभर उडून जातं. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, अंधारात ठेवा.

मी संध्याकाळी शेवटचं पाणी भरून झालं की दोन बादल्यांत निम्मी निम्मी पावडर घेते. आधी थोड्या पाण्यात लापशीसारखी कालवते, मग बादली पाऊण भरते, ढवळते आणि दहा मिनिटं तशीच ठेवते. चुना खाली बसतो. वरची निवळी तेवढी दुसऱ्या बादलीत ओतून घ्यायची आणि चुना टाकून द्यायचा, विहिरीत नाही. निवळीची बादली दोरीने पाण्याखाली सोडून वर-खाली हिसडायची, म्हणजे औषध तळापर्यंत मिसळतं. निदान एक तास कुणी पाणी काढायचं नाही. मग ओटी टेस्ट: नळीत पाणी, त्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब, लगेच पिवळा रंग आला तर क्लोरीन उरलं आहे. विहिरीपाशी लिटरला अर्धा मिलिग्रॅम उरावं आणि घरातल्या हंड्यात निदान ०.२. रंग आलाच नाही तर पाण्यातल्या घाणीनेच सगळं औषध खाल्लं असं समजायचं आणि पुन्हा घालायचं. पाणी गढूळ असताना तर हे हमखास होतं.

पहिले चार दिवस चहाला वास आला. सासूबाईंनी चहा सोडला. मग मी त्यांचं पाणी रात्रीच माठात भरून ठेवायला लागले, सकाळपर्यंत वास उतरायचा. एकदा मी जावेला हाक मारून म्हटलं, "आज ओटी करायची राहिली गं." सासूबाईंनी ते ऐकलं. विहिरीची ओटी करते आहे म्हणून त्या काठी टेकत परसात आल्या. मी नळी दाखवली. पिवळा रंग येताना त्यांनी डोळे बारीक करून बघितला आणि विचारलं, "हळदीसारखा आला की बरं ना?" तेव्हापासून रोज संध्याकाळी त्या स्वतःहून विचारतात.

एक राहिलंच. त्याच पावसात पाणी शुद्ध करायची यंत्रं विकणारा एक मुलगा दारात आला होता. त्याने टीडीएसचं मीटर आमच्या पाण्यात बुडवलं आणि आरओ घ्याच म्हणाला. मीटरवर ९२ आलं. ते मीटर क्षार मोजतं, जंतू मोजत नाही. ९२ च्या पाण्याला आरओ लावणं म्हणजे असलेले थोडे क्षार काढून टाकणं आणि वर बादल्याच्या बादल्या पाणी मोरीत सोडणं. राष्ट्रीय हरित लवादानेही २०१९ मध्ये ५०० च्या आतल्या पाण्यासाठी आरओवर बंदी आणा असं सांगितलं होतं. पण हे आमच्या पाण्यापुरतं. माझी बहीण यवतमाळकडे असते. तिथे काही भागांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे, मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग दिसतात. ते टीसीएलने जात नाही आणि उकळलं तर उलट दाट होतं. म्हणून आपल्या पाण्यात काय आहे ते आधी बघा, मग यंत्र घ्या.

गणपतीनंतर दिरांनी खड्डा हलवला. विहिरीच्या खालच्या अंगाला, वीस मीटरवर, दोन उथळ खड्डे केले. एक भरला की दुसरा वापरायचा. जुना उपसून मातीने बुजवला. आम्ही कोबा उखडून मीटरभर रुंद नवा केला, बाहेरच्या बाजूला उतार दिला, सांडपाणी पन्हळीने माडांना नेलं आणि धुण्याचा दगड तिकडेच हलवला. पोहऱ्याला खुंटी बसवली. तो ओला सांधा सिमेंटने भरून घेतला.

त्यासाठी गडी विहिरीत उतरला तेव्हा मी कठड्यापासून हलले नाही. दरवर्षी कुठे ना कुठे विहिरीत वायूने गुदमरून माणसं जातात, आणि एकाला वाचवायला दुसरा उतरतो तोही जातो. आधी कंदील सोडा. विझला तर कुणीही उतरायचं नाही. पेटता राहिला तरी पूर्ण भरवसा नाही, म्हणून उतरणाऱ्याच्या कमरेला दोर आणि वर दोन दणकट माणसं हवीतच. डिझेलचा पंप कधीही आत उतरवून चालवू नका.

नोव्हेंबरची बाटली दुसऱ्या दिवशी किंचित काळवंडली. जाऊ आणि मी एकमेकींकडे बघत राहिलो. मुरलेलं सगळं एकदम कुठून निघणार? टीसीएल चालू ठेवलं. जानेवारीत ते आठवडाभर थांबवून बाटली लावली, कारण क्लोरीन असताना तपासलं तर खरं काय ते कळत नाही. तेवढे दिवस उकळलेलंच पाणी प्यायलो. दोन दिवस झाले, तीन झाले, बाटलीतला रंग बदलला नाही. तीच बाटली घेऊन जाऊ सासूबाईंसमोर बसली आणि त्यांनी ती उजेडात धरून दोन्ही बाजूंनी बघितली.

रत्नागिरीचा पक्का रिपोर्ट मात्र पाऊस लागल्यावरच काढायचा ठरवलं आहे. बर्फाचं खोकं धुऊन माळ्यावर ठेवलं आहे. दुकानदाराला तसं कळवलं, तो थांबायला तयार आहे.