दहा मीटर एअर रायफल: छर्ऱ्यांची बॅच कशी पारखावी

‘कुठला छर्रा चांगला?’ या प्रश्नाचं उत्तर दुकानदाराकडे नसतं, कोचकडेही नसतं. एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या दोन रायफली घेतल्या तरी एकीला मानवलेली बॅच (एकाच वेळी तयार झालेले छर्रे) दुसरीला मानवेलच असं नाही. म्हणून पुण्यात बालेवाडीच्या रेंजवर शेजारच्या लेनवर जी डबी दिसते, तीच आणायची पद्धत बिनकामाची आहे.

आधी एक हिशेब. दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि दशांश गुणांकनात (एका शॉटला जास्तीत जास्त १०.९) छर्रा केंद्रापासून पाव मिलिमीटर सरकला की ०.१ गुण जातो. बॅचचा ग्रुप, म्हणजे एकाच नेमावर मारलेल्या शॉट्सचा पसारा, केंद्र-ते-केंद्र १.५ मिमी असेल, तर अचूक नेम धरूनही १०.७ पर्यंत घसरता येतं. ग्रुप ३ मिमीचा असेल तर १०.४. साठ शॉट्समध्ये, ६५४ पैकी, हा फरक अंतिम फेरीत जाण्या-न जाण्याचा ठरू शकतो. पण ज्याचा स्कोअर अजून सहाशेच्या अलीकडे-पलीकडे आहे, त्याचा स्वतःचा डोलच याहून कितीतरी मोठा असतो. त्यानं सरळ मॅच (स्पर्धेच्या) छर्ऱ्यांची एक बरी डबी घ्यावी आणि सराव करावा. २०२४ ला पॅरिसमध्ये स्वप्नील कुसाळेला पदक मिळाल्यावर मुलांना रेंजवर आणणाऱ्या पालकांनाही हेच सांगणं आहे: पहिल्या वर्षी बॅच टेस्टिंगवर पैसे घालू नका.

टेस्ट व्हाइसमध्येच (टेबलावरच्या घट्ट पकडीत) करावी. स्टॉक (हातात-खांद्याला धरायचा भाग) काढून रिसीव्हर, म्हणजे नळीमागचा धातूचा मुख्य भाग, पकडीत घ्यायचा, नळी कधीच नाही. नळीवर दाब आला की तिच्यावर ताण येतो आणि ग्रुप फसवा येतो. टेबल जड हवं, बोल्ट जमिनीत गेलेले असतील तर उत्तम. हलणाऱ्या टेबलावर चांगली बॅचही पसरते आणि दोष छर्ऱ्यावर जातो.

छर्ऱ्यांआधी वेग तपासावा, आणि हेच बहुतेक जण गाळतात. मॅच रायफलचा वेग साधारण १७० ते १७५ मीटर प्रति सेकंद. इतक्या संथ छर्ऱ्याला दहा मीटरला पोचायला ०.०६ सेकंद लागतात आणि तेवढ्यात तो पावणेदोन सेंटिमीटर खाली येतो. वेग एक टक्का कमी-जास्त झाला की उंचीत सुमारे ०.३५ मिमीचा फरक पडतो. क्रोनोग्राफवर (वेग मोजायच्या यंत्रावर) दहा शॉट्स मारा. सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी वेगात ३ मीटर प्रति सेकंदापेक्षा अधिक अंतर असेल तर रेग्युलेटर (हवेचा दाब सारखा ठेवणारा भाग) किंवा सील पाहून घ्या. ग्रुप उभाच्या उभा लांबत असेल तरी संशय तिथेच घ्यावा. हवेचा सिलिंडर भरलेला ठेवा. अगदी खाली उतरलेल्या दाबावर केलेली टेस्ट मोजूच नये.

वजन सहसा ०.५३ ग्रॅम, नाक सपाट, म्हणजे टार्गेटच्या कार्डावर भोक स्वच्छ पडतं. हेड साइज (डोक्याचा व्यास) ४.४९, ४.५०, ४.५१ मिमी अशी मिळते. डबीवरचा आकडा ढोबळ समजावा: एका कंपनीचा ४.५० दुसऱ्याच्या ४.५० सारखा बसेलच असं नाही. खरी ओळख बॅच नंबरात असते, तो लिहून ठेवा.

बॅच बदलली की आधीचं वंगण आणि शिसं नळीत असतं, म्हणून दहा शॉट्स मोजायचे नाहीत. मग दहा-दहाचे दोन ग्रुप. पाच शॉट्सचा ग्रुप बघून खूश होऊ नये. नशिबानं कुठलीही बॅच एकदा सुंदर बसते. भोकाच्या बाहेरच्या कडांमधलं सर्वांत मोठं अंतर मोजून ४.५ मिमी (छर्ऱ्याचा व्यास) वजा करा, म्हणजे केंद्र-ते-केंद्र ग्रुप मिळतो. पावसाळ्यात कार्ड दमट होतं आणि कडा फाटतात, तेव्हा जुलै-ऑगस्टमध्ये इलेक्ट्रॉनिक टार्गेट मिळालं तर तेच वापरावं. सर्वांत चांगल्या ठरलेल्या दोन बॅच दुसऱ्या दिवशी उलट क्रमानं पुन्हा माराव्यात.

नळी साफ करायला फेल्टचे बोळे बस आहेत. स्प्रिंगच्या रायफलमधून मात्र नुसता फेल्ट कधी झाडू नका, समोर अडसर नसल्यानं पिस्टन आदळतो. छर्रे वजनानं वेगळे करायचा नाद असेल तर काटा मिलिग्रॅमपर्यंत वाचणारा हवा. शतांश ग्रॅमचा काटा इथे काहीच सांगत नाही. त्यापेक्षा काचेवर लोळवून वाकड्या स्कर्टचे (मागच्या पोकळ कडेचे) छर्रे वेचून काढणं जास्त उपयोगी.

बॅच ठरली की लगेच सीझनभराचा साठा घ्यावा, पाचशेची एक-एक डबी करत नव्हे. तो नंबर संपला की पुन्हा मिळत नाही. डब्या सिलिका जेलसह घट्ट डब्यात ठेवा. ओलाव्यात शिशावर पांढरी भुकटी चढते, आणि असे छर्रे मॅचला वापरू नयेत. हाताळून झालं की साबणानं हात धुवा.