घाण्यावरचं तेल

आज आईला घेऊन लाकडी घाण्यावर गेले होते. घाण्याची लाकडी लाट फिरायला लागली आणि कच्च्या दाण्यांचा गोडसर वास सुटला. आईने पेंडीचा तुकडा उचलून तोंडात टाकला. "लहानपणी हाच आमचा खाऊ गं!"

बाबांचं कोलेस्टेरॉल वाढल्यापासून घरात तेलाचाच विषय. येताना हिशेब केला: चौघांना महिन्याला चार लिटर, म्हणजे माणशी रोज साधारण ३० ग्रॅम. चहाचे सहा चमचे! शेव-फरसाण वेगळंच. तेल घाण्याचं असो की पिशवीतलं, एका ग्रॅमला ९ कॅलरी ठरलेल्याच, हे आधी कधी मनावरच घेतलं नव्हतं.

आता फोडणीला शेंगदाणा, चटणीवर करडई (कोलेस्टेरॉलच्या माणसाला ती चांगली), वरणभातावर चमचाभर साजूक तूप. वनस्पती तूप घरात नको. आणि तळणीचं काळपट झालेलं तेल परत कढईत टाकायचं नाही, यावर मी खरंच अडून बसले.

रात्री आईने भाकरीवर जवसाची चटणी वाढली, मधे बोटाने खळगा केला आणि करडईचं तेल सोडलं. बाबांच्या भाकरीवर मात्र चमच्याने मोजून.