सावल

शनिवार, रात्री पावणेबारा. मनिला, फिलिपिन्स.

आत्ता घरी पोचले. झोप येणार नाही, म्हणून वही उघडली.

ऑफिसातल्या मैत्रिणीने नाटकाला नेलं होतं. ती आईकडून ताउसुग, म्हणजे सुलू बेटांवरच्या मुस्लिम समाजातली. नाटक बुद दाहोचं. देशाच्या दक्षिण टोकाला सुलू, त्यातलं होलो बेट, त्यावरचा हा थंडावलेला ज्वालामुखी. 'बुद' म्हणजे डोंगर. तेव्हा इथे राज्य करणाऱ्या अमेरिकनांची डोईपट्टी द्यायची नाही म्हणून शेकडो ताउसुग बायकापोरांसकट त्याच्या मुखाशी जाऊन राहिले होते. मार्च १९०६ मध्ये जनरल लेनर्ड वुडच्या फौजेने डोंगराला वेढा घातला आणि कप्प्या लावून तोफा वर ओढल्या. आठशे ते हजार माणसं मेली. अमेरिकनांची वीसएक. त्यावर राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांची अभिनंदनाची तार! आणि हा वुड शिकलेला डॉक्टर होता म्हणे.

खरं सांगायचं तर पहिला अर्धा तास मी घड्याळच बघत होते. रंगमंचावर लग्न चाललेलं. कुलिंतांगन, म्हणजे ओळीने मांडलेल्या छोट्या घंटांचं वाद्य, वाजत होतं आणि बायका पांगालाय नाचत होत्या. पाय जेमतेम हलतात, सगळा नाच हातांत. बोटांना पितळेची लांब, वळलेली नखं. भरतीच्या पाण्यात वेल हलावी तशी मनगटं वळत होती. अंगात घट्ट चोळीसारखा सदरा आणि खाली ढगळ विजार. तिला 'सावल' म्हणतात. कानाला आपल्या सुरवारीची बहीणच वाटली.

लढाई दाखवलीच नाही. घंटा थांबल्या आणि एक नट पुढे येऊन, बायका का मारल्या गेल्या याचा वुडचा खुलासा वाचू लागला, अगदी कोरड्या आवाजात, किराणाची यादी वाचावी तसा. बायकांनी विजारी घातल्या होत्या, पुरुषांसारखाच वेश होता, त्या लढतही होत्या. त्याच्या मागे मघाच्या नाचणाऱ्या जणी तशाच उभ्या. त्याच विजारींत.

मैत्रीण माझ्या कानाशी म्हणाली, "माझी आजी घरात रोज सावलच घालायची."

शेवटी त्या कत्तलीनंतरच्या जुन्या फोटोचा प्रसंग. फोटोत खंदकात प्रेतांचा खच आणि काठावर सैनिक उभे. इथे खड्डा रिकामा ठेवला होता. सैनिक झालेले नट काठावर उभे राहून प्रेक्षकांकडे बघत राहिले, फोटोला उभं राहावं तसे. तिथेच पडदा पडायला हवा होता. पुढचं लांबलचक भाषण दिग्दर्शकाला का आवरलं नाही, कोण जाणे.

नंतर मनिलाच्या क्यापो भागात 'त्युला इतुम' खाल्लं. मटणाचा काळाकुट्ट रस्सा, खोबऱ्याचा. मी तिला म्हटलं, "अगं, आमच्याकडेही खोबरं भाजून वाटण करतात."

"भाजत नाही आम्ही," ती वाडगं पुढे सरकवत म्हणाली, "जाळतो."