सहाशे हातांतले दिवे: वाशीचं सभागृह, ठाण्याचा स्टुडिओ

१८, १९ आणि २१ जानेवारी २०२५ला नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये कोल्डप्ले या ब्रिटिश गायन-वादन गटाचे कार्यक्रम झाले, आणि त्यात प्रेक्षकांच्या मनगटावरचे पट्टे गाण्याबरोबर पेटत होते. तेव्हापासून आमच्याकडे येणारे आयोजक हमखास विचारतात, "लोकांच्या मनगटावर ते पेटणारे बँड आपल्याकडे जमतील का?" जमतात. आम्ही ते दोन ठिकाणी केले: वाशीच्या एका सभागृहात ६०० खुर्च्यांसमोर झालेला मराठी वाद्यवृंद, आणि ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या एका स्टुडिओत ८० प्रेक्षकांसमोरचं रेकॉर्डिंग. बाहेरून बँड दोन्हीकडे एकसारखाच दिसत होता, पण आतलं जवळजवळ सगळं बदलावं लागलं.

पहिला प्रश्न असतो बँडपर्यंत आदेश कसा पोचवायचा हा. रेडिओ रिसीव्हर सतत ऐकत राहिला की १२-१३ मिलिअँपियर खातो. टीव्हीच्या रिमोटसाठी असतो तो ३८ किलोहर्ट्झचा, तीन पायांचा इन्फ्रारेड रिसीव्हर एखाद्या मिलिअँपियरमध्ये भागवतो. सहाशे बँड चार्ज करत बसणं शक्य नव्हतं, म्हणून वाशीला बटण सेल आणि इन्फ्रारेड घेतलं. ठाण्यात ८०च बँड होते, तिथे १५० मिलिअँपियर-तासाची रिचार्जेबल बॅटरी आणि रेडिओ.

बटण सेलनेच आम्हाला सगळ्यात जास्त शिकवलं. सीआर२०३२ या बटण सेलवर २२० मिलिअँपियर-तासाच्या आसपासची क्षमता लिहिलेली असते, पण ती अगदी थेंबाथेंबाने वापरल्यावर मिळते. पांढऱ्या उजेडासाठी तिन्ही रंग प्रत्येकी ५ मिलिअँपियरवर लावले की सेलचा दाब, म्हणजे व्होल्टेज, लगेच खाली बसतो. निळ्या एलईडीला ३ व्होल्टच्या आसपास लागतात, लाल २ व्होल्टवर पेटतो. चाचणीत टेबलावर ओळीने मांडलेले वीस बँड पांढऱ्यावर ठेवले. काही सेकंदांत ते पिवळसर झाले, मग नारिंगी, आणि शेवटी नुसते लाल उरले. प्रोग्रॅममध्ये काही चूक नव्हती. आधी निळा मेला, मागोमाग हिरवा. दाब आणखी उतरला की बँडमधली चिप रीसेट होते आणि बँड आपल्या मनाने लुकलुकायला लागतो.

उपाय म्हणून दोन सेल एकावर एक घालून ६ व्होल्ट केले. चिप आणि रिसीव्हरला दाब ३.३ व्होल्टवर स्थिर ठेवणारा रेग्युलेटर, एलईडी थेट ६ व्होल्टवर आणि प्रत्येक रंगाखाली एक छोटा ट्रान्झिस्टर. रेझिस्टर निळ्याला ४७० ओहम, लालला ६८०, हिरव्याला १ किलो. हिरवा डोळ्याला मुळातच जास्त उजळ भासतो, त्याला दाबलं नाही तर पांढरा पोपटी दिसतो. शिवाय नियमच करून टाकला की पूर्ण पांढरा दोन सेकंदांच्या वर कधीच ठेवायचा नाही.

इन्फ्रारेड आदेश पाठवणारे दिवे ९४० नॅनोमीटरचे घ्या. ८५०चे स्वस्त मिळतात, पण अंधारात त्यांचा लाल ठिपका दिसतो आणि रिसीव्हरचा कानही त्यांना कमी असतो. आम्ही चार पॅनेल लावली: दोन रंगमंचावरच्या बारला, दोन बाल्कनीच्या कठड्याला. छत पांढरं असेल तर एक पॅनेल मुद्दाम वर मारा, परतून येणारा प्रकाश मधल्या रांगांना पुरतो. तरीही मांडीवर ठेवलेला हात पुढच्या खुर्चीच्या पाठीआड जातो आणि तिथे काहीच पोचत नाही. म्हणून निवेदकाच्या संहितेत प्रत्येक मोठ्या क्यूच्या, म्हणजे बँड पेटवण्याच्या ठरलेल्या क्षणाच्या, आधी हात वर करायला लावणारं वाक्य लिहूनच दिलं. बँडची खिडकी मनगटाच्या बाहेरच्या बाजूला हवी, नाहीतर शर्टाची बाही तिला झाकते.

तालमीत अर्धे बँड बहिरे निघाले. कारण हाउस लाइट, म्हणजे प्रेक्षागृहातले दिवे. इलेक्ट्रॉनिक चोकच्या ट्यूब ३० ते ५० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात धडधडतात, त्यात आपले ३८ किलोहर्ट्झ बुडून जातात. ट्यूब बंद केल्या आणि सगळे बँड बोलायला लागले. चाचणी नेहमी कार्यक्रमाच्या वेळच्याच उजेडात घ्या, नाहीतर चांगले बँड खराब समजून बाजूला काढाल.

आदेश २४ बिटांचा ठेवला: गटाला (सभागृहाच्या कुठल्या भागातले बँड) ३, नमुन्याला (पेटण्या-विझण्याचा क्रम) ५, रंगाला १२, तपासणीला ४. तो जायला साधारण ४० मिलिसेकंद लागतात, आणि प्रत्येक आदेश दोनदा पाठवायचा. एवढ्या वेगात ठेक्याचा प्रत्येक ठोका पाठवणं जमत नाही. म्हणून नमुने बँडमध्येच साठवले आणि वरून फक्त "सुरू" एवढंच सांगितलं. इथे दुसरी अडचण आली. स्वस्त चिपचं आतलं घड्याळ कारखान्यातून १० टक्क्यांपर्यंत पुढेमागे असू शकतं, त्यामुळे चार सेकंदांत दोन शेजाऱ्यांचे बँड वेगळ्या ठेक्यात जातात. कॅलिब्रेशन करून घड्याळं जुळवली तरी वाजवणारी माणसं लय चढवतात-उतरवतात, आणि तेच बरोबर आहे. त्यामुळे कन्सोलजवळ एक साधं बटण ठेवलं. आठ मात्रांच्या केहरव्यात दर समेला ते दाबायचं, की सहाशे बँड पुन्हा पहिल्या मात्रेवर येतात. त्या बटणावर इंजिनिअर बसवू नका, तबला शिकलेला माणूस बसवा. हा फरक शेवटच्या रांगेतूनसुद्धा कळतो.

लाइटच्या कन्सोलकडून डीएमएक्स घेतलं, म्हणजे रंगमंचाच्या दिव्यांना तारेवरून आदेश देण्याची ठरलेली पद्धत. ५१२पैकी १६ चॅनल पुरले: चार गट, प्रत्येकी लाल, हिरवा, निळा आणि नमुना. केबलच्या शेवटच्या टोकाला १२० ओहमचा टर्मिनेटर, म्हणजे तार बंद करणारा रेझिस्टर, लावाच. माइकच्या केबलवर डीएमएक्स नेण्याची सवय सगळीकडे दिसते. लांब अंतरावर मग बँड कारण नसताना रंग बदलतात आणि दोष रिसीव्हरवर येतो.

बँड दारात वाटू नका. एकेका कुटुंबाच्या हातात चार गटांचे बँड जातात आणि एका गटातून दुसऱ्या गटात सरकणाऱ्या लाटेचा चिवडा होतो. आम्ही रांगवार खोकी भरली आणि बँड खुर्चीच्या हातावर अडकवून ठेवले. वर तीस जादा. सेलमधली प्लास्टिकची पट्टी स्वयंसेवकांनीच प्रवेशाच्या अर्धा तास आधी ओढली, कारण प्रेक्षकांवर सोडलं तर पहिल्या गाण्याला निम्मे बँड झोपलेलेच राहतात.

अडीच तासांत एकूण बाराच क्यू ठेवले. आयोजकांना चाळीस हवे होते. हात सतत पेटत राहिला की माणूस दहा मिनिटांत तो विसरतो. कोळीगीताला डावीकडून उजवीकडे निळी लाट गेली तेव्हा लोक आपली पाळी कधी येते म्हणून शेजारच्या गटाकडे बघत होते, आणि लाट पोचली की हात आपोआप वर जात होते. हे व्हायला आधीची वीस मिनिटं अंधार लागतो. सगळं सभागृह एकदम चमकवायचं असेल तर सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा नको, अपस्माराच्या रुग्णांना त्रास होऊ शकतो. तशी सूचना सुरुवातीला द्या.

ठाण्याच्या स्टुडिओत बघणारा कॅमेरा असतो, आणि डोळा माफ करतो ते कॅमेरा करत नाही. सेकंदाला २५ फ्रेम, शटर १/५० सेकंद. मंद उजेडासाठी एलईडी भराभर बंद-चालू करतात, तो वेग आमच्या पहिल्या बँडमध्ये ४९० हर्ट्झ होता. डोळ्याला काही कळत नव्हतं, मॉनिटरवर मात्र प्रत्येक बँडच्या उजेडात आडवे काळे पट्टे सरकत होते. चिपच्या टायमरचा भाजक (घड्याळाचा वेग ज्याने भागला जातो तो आकडा) १ केला, वेग सुमारे ३१ किलोहर्ट्झवर गेला, पट्टे गेले. बाजारात मिळणाऱ्या डब्ल्यूएस२८१२बी या रंगीत एलईडीत हा वेग आतच ठरलेला असतो आणि जुन्या बॅचेसमध्ये तो ४०० हर्ट्झच्या आसपास असतो. रेकॉर्डिंगसाठी ते घेऊ नका.

कॅमेऱ्यात दिवा मधोमध पांढरा फुटतो आणि रंग फक्त कडेला उरतो. दुधी सिलिकॉनची टोपी घातली आणि उजेड चौथाईवर आणला, तेव्हा कुठे रंग रंगासारखा दिसला. निळा मात्र हात तोंडाशी गेला की चेहऱ्यावर चढतो. त्यामुळे जवळच्या शॉटसाठी केशरीच वापरला.

रेडिओ २.४ गिगाहर्ट्झचा. चिप २.४ गिगाहर्ट्झपासून एकेक मेगाहर्ट्झवर १२५पर्यंत चॅनल देते आणि वायफाय टाळायला १००च्या वर जा असं बरेच जण सांगतात. पण परवाना न लागणारा पट्टा २.४८३५ गिगाहर्ट्झला संपतो, म्हणजे चॅनल ८३च्या पुढे आपला हक्क नाही. आम्ही ८०वर राहिलो, स्टुडिओचे राउटर वायफायच्या १ नंबरच्या चॅनलवर आणायला लावले आणि प्रत्येक आदेश चारदा पाठवला. माणसाच्या शरीरातलं पाणी ही लहर शोषतं. अँटेना टेबलावर होता तेव्हा मागच्या दोन रांगा सुटत होत्या, छताखालच्या दिव्यांच्या ग्रिडवर चढवल्यावर आल्या. रेडिओ मॉड्यूलच्या वीज घेणाऱ्या पायांवर १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर विसरू नका. तो नसला की मॉड्यूल टेबलावर चालतं आणि सेटवर मरतं.

याच ८० बँडवर बटणही दिलं होतं, प्रेक्षकांचा कौल घ्यायला. सगळे एकदम बोलले तर कोणाचंच ऐकू येत नाही, म्हणून प्रत्येकाला आपल्या क्रमांकाप्रमाणे १० मिलिसेकंदांची पाळी. ०.८ सेकंदात पूर्ण कौल हातात येतो.

वाशीच्या बँडची झाकणं आम्ही स्क्रूची केली. दाबून बसणारं झाकण मूल दातांनी उघडतं, आणि गिळलेला बटण सेल अन्ननलिका दोन तासांत जाळू शकतो. परत घेताना प्रत्येक दारात खोकं आणि खोक्यापाशी एक माणूस हवा, नुसती पाटी लावून भागत नाही. वापरलेले सेल काढले की दोन्ही तोंडांवर चिकटपट्टी लावून मगच ई-कचऱ्याच्या पिशवीत टाका, उघडे सेल एकमेकांना लागून तापतात. आणि बँड पावसाळाभर ठेवायचे असतील तर सेल आत राहू देऊ नका. खाडीकाठच्या दमट हवेत स्प्रिंगला हिरवा गंज चढतो, आणि तो घासून काढला तरी संपर्क पुन्हा तसा बसत नाही.